नंबर सगळ्यात शेवटी बघा: जुन्या फोटोतलं ब्रिटिश वाफेचं इंजिन कसं ओळखायचं

जुना इंजिनाचा फोटो हातात आला की बहुतेक जण एकच करतात, नंबरवर झूम मारायचा, तो गुगलवर टाकायचा आणि पहिलं जे नाव येईल ते कॅप्शनमध्ये चिकटवायचं. चुकीच्या कॅप्शनची निम्मी जंत्री अशीच तयार होते.

आता 4920 हा नंबर घ्या. ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे 4920 म्हणजे डम्बलटन हॉल नावाचं इंजिन. त्याच काळात एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) कंपनीकडेही 4920 होतं, ते ब्लॅक फाइव्ह जातीचं. दोन्ही 4-6-0 (ही चाकांची मांडणी, पुढे सांगतो), दोन्ही मिक्स्ड ट्रॅफिकवाली, म्हणजे पॅसेंजर आणि माल दोन्ही ओढणारी, दोन्हींची मोठी चाकं सहा फुटांची, आणि 1945 ते 1948 दरम्यान दोन्ही एकाच देशात धावत होती. नुसत्या नंबरावर काय ओळखणार? म्हणून मी उलटीकडून जातो: आधी मशीन, मग कंपनी, मग काळ, आणि नंबर अगदी शेवटी, तोही फक्त खात्री करायला.

आधी फोटोच तपासा

प्रिंट असेल तर किमान 600 डीपीआयला स्कॅन करा, आणि मागची बाजू पण करा. मागे स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, पोस्टकार्ड असेल तर पोस्टाचा शिक्का असं काहीही निघू शकतं. पोस्टकार्डाची मागची बाजू मधल्या रेषेने दोन भागात वाटलेली असेल, म्हणजे एकीकडे मजकूर आणि एकीकडे पत्ता, तर ते 1902 नंतरचं, कारण ब्रिटनमध्ये ही परवानगी त्याच वर्षी मिळाली. फोटो मात्र कार्डापेक्षा जुना असू शकतो हां, जुन्या निगेटिव्हवरून वर्षानुवर्षं कार्डं छापली जायची.

मग बघा फोटो उलटा छापलाय का. नंबर वाचता येत असेल तर प्रश्नच नाही, पण नसेल तर रुळांकडे बघा. ब्रिटनमध्ये गाड्या डाव्या बाजूने चालतात, आपल्यासारख्याच. म्हणजे दुहेरी लाइनवर समोरून येणारी गाडी फोटोत आपल्या उजव्या हाताच्या रुळावर दिसली पाहिजे. डावीकडे दिसली तर एक तर निगेटिव्ह उलटं किंवा त्या दिवशी काहीतरी वेगळं चालू होतं. प्लॅटफॉर्मवरच्या पुरुषांच्या कोटाची बटणं नेहमीच्याच बाजूला आहेत का, तेही बघून घ्या.

रंगाच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे मिडलंड रेल्वेचं गडद लाल इंजिन फोटोत जवळजवळ काळं येतं, आणि कॅलेडोनियनचं निळं इंजिन फिकट दिसतं. वरून हाताने रंगवलेली पोस्टकार्डं, त्यांच्यावर तर अजिबात जाऊ नका, रंगवणाऱ्याने इंजिन बघितलं असेलच असं नाही. अजून एक गंमत, कारखान्यातून नवीन इंजिन बाहेर पडलं की अधिकृत फोटोसाठी त्याला कधीकधी मुद्दाम करडा रंग मारायचे, तपशील नीट उठून यावेत म्हणून. फोटो झाला की खरा रंग. तेव्हा इंजिन चकचकीत करडं आणि मागची पार्श्वभूमी पुसून पांढरी केलेली दिसली की समजा हा कारखान्याचा फोटो, आणि तो बहुधा इंजिनाच्या जन्माच्या सुमाराचा.

चाकं मोजा

4-6-0 वगैरे आकडे म्हणजे पुढची छोटी चाकं, मधली जोडलेली मोठी चाकं, मागची छोटी चाकं, दोन्ही बाजूंची मिळून. फोटोत एकच बाजू दिसते, म्हणून जे दिसेल त्याची दुप्पट करायची. टेंडरची, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची, चाकं यात धरत नाहीत, नवीन माणूस हमखास इथेच घोळ घालतो. जोडलेली चाकं म्हणजे जी बाहेरच्या लोखंडी दांड्याने एकमेकांना बांधलेली असतात ती.

फक्त यावरून बरंच समजतं. 0-6-0 टेंडरवालं असेल तर बहुधा मालगाडीचं, आणि अशी इंजिनं जवळपास सगळ्या कंपन्यांकडे होती, त्यामुळे ओळखायला सगळ्यात अवघड तीच. 4-4-0 म्हणजे मुख्यतः व्हिक्टोरियन-एडवर्डियन काळातली पॅसेंजर इंजिनं, अपवाद सदर्न रेल्वेचा स्कूल्स क्लास, तो 1930 ते 1935 मध्ये बनला, एकूण 40. एकच भलंमोठं चाक मध्ये आणि ते शेजारी उभ्या माणसापेक्षा उंच असेल तर ते सिंगल, म्हणजे 19व्या शतकातलं डिझाइन, आणि त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे ग्रेट नॉर्दर्नचं स्टर्लिंग सिंगल, 4-2-2, आठ फुटी चाक, 1870. 4-6-2 दिसलं की पॅसिफिक, म्हणजे ब्रिटनमध्ये बहुतांश 1922 नंतरचं. 2-10-0 मध्ये शोधायला फार काही नाही, एक तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं लष्करासाठी बनलेलं किंवा ब्रिटिश रेल्वेजचं 9एफ जातीचं.

टेंडर नाही आणि पाणी इंजिनावरच आहे तर टँक इंजिन. टाकी जमिनीपासून... म्हणजे फुटबोर्डापासून उभी वर गेली तर साइड टँक, बॉयलरवर खोगिरासारखी टाकली असेल तर सॅडल टँक, आणि बॉयलरच्या दोन्ही कुशींना लटकवलेली, खालून मोकळी जागा दिसणारी असेल तर पॅनिअर टँक. पॅनिअर दिसलं की दहात नऊ वेळा ग्रेट वेस्टर्न म्हणून मोकळे व्हा, एकट्या 5700 क्लासचीच 863 बनली होती. सॅडल टँक मात्र मुख्य रेल्वेपेक्षा कोळशाच्या खाणी, गोद्या, कारखाने इथे जास्त, पेकेट, हन्सलेट, अँड्र्यू बार्कले असल्या कंपन्यांची, आणि त्यांचे नंबर रेल्वेच्या यादीत शोधत बसलात तर रात्र जाईल.

बॉयलर आणि फायरबॉक्स, खरी मजा इथे

बॉयलरच्या मागच्या टोकाला, कॅबच्या (ड्रायव्हरच्या खोलीच्या) लगेच पुढे, फायरबॉक्स, म्हणजे कोळसा जळतो ती पेटी, असतो. त्याचा माथा गोल असेल, म्हणजे बॉयलरची गोलाई तशीच पुढे चालू असेल, तर राउंड-टॉप. माथा चपटा आणि खांदे चौकोनी असतील तर बेलपेअर. हा एक फरक नीट बघायला शिकलात तर अर्धं काम झालं, कारण एलएनईआरची (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) मोठी इंजिनं बहुतेक राउंड-टॉप, तर ग्रेट वेस्टर्नची आणि स्टॅनियर मुख्य इंजिनिअर असतानाची एलएमएसची बेलपेअर.

1923 ते 1960 मधल्या फोटोंत 4-6-0 सगळ्यात जास्त भेटतं, आणि लांबून सगळी सारखीच वाटतात, म्हणून चार इंजिनं शेजारी ठेवून बघू: ग्रेट वेस्टर्नचं हॉल, एलएमएसचं ब्लॅक फाइव्ह, एलएमएसचंच जुबिली, आणि एलएनईआरचं बी1.

सुरुवात धुराड्यापासून करा. हॉलच्या धुराड्याच्या तोंडाला तांब्याची चकचकीत पट्टी असते, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ती उजळ कड म्हणून दिसते, आणि बॉयलरच्या मध्यावर डोम, म्हणजे घुमटासारखा उंचवटा, नसून फक्त सेफ्टी व्हॉल्व्हवरचं पितळी झाकण असतं, एखाद्या उपड्या गडूसारखं. डोम नाही, पितळी झाकण आहे, चौकोनी फायरबॉक्स आहे, तर ते ग्रेट वेस्टर्नच. मग चाकांजवळ या: हॉलला बाहेर सिलिंडर आहेत पण वाल्व्ह गिअर (वाफेच्या झडपा हलवणाऱ्या दांड्या) आत लपलेला, त्यामुळे चाकांवर दांड्यांची गर्दी नाही, मोकळं मोकळं दिसतं. ब्लॅक फाइव्हला वॉलशर्ट्स नावाच्या पद्धतीचा गिअर पूर्ण बाहेर, चाकांसमोर दांड्यांचं जाळंच. कॅबच्या बाजूला हॉलवर पितळी किंवा ओतीव नंबरप्लेट असते, ब्लॅक फाइव्हवर नंबर रंगवलेला.

ब्लॅक फाइव्ह आणि जुबिली यांच्यात जाणकार सुद्धा अडखळतात, कारण दोन्ही स्टॅनियरचीच आणि बॉयलरची ठेवण जवळपास सारखी. जुबिलीची चाकं मोठी, 6 फूट 9 इंच, म्हणून चाकांवरची अर्धगोल झाकणं ठळक असतात आणि मधल्या झाकणावर नावाची वाकडी पट्टी. ब्लॅक फाइव्ह 842 बनली आणि त्यातल्या मोजक्यांनाच नाव होतं, त्यामुळे नावाची पट्टी दिसली तर आधी जुबिलीचा विचार करा, नाही दिसली तर ब्लॅक फाइव्हचा. आणि बी1? फायरबॉक्सचा माथा गोल. बस्स, तिथेच वेगळं पडलं.

ग्रेट वेस्टर्नच्याच घरात कॅसल आणि किंग या दोन जाती वेगळ्या करायच्या असतील तर पुढच्या बोगीवर, म्हणजे छोट्या चाकांच्या चौकटीवर, जा. किंगच्या बोगीत पुढच्या छोट्या चाकाच्या बाहेरून फ्रेम जाते आणि मागच्या छोट्या चाकाच्या आतून, असं विचित्र कॉम्बिनेशन ब्रिटनमध्ये दुसरीकडे सहसा दिसत नाही. किंग फक्त 30 होती, 6000 ते 6029, त्यामुळे एकदा किंग ठरलं की शोध खूपच लहान होतो.

पॅसिफिकमध्ये एलएनईआरचं ए4 तर शाळकरी पोरगं पण ओळखतं, वेगाचा विक्रम करणाऱ्या मॅलार्ड या इंजिनामुळे, 3 जुलै 1938, ताशी 126 मैल. पण चाकांवरची खालची झाकणपट्टी बघितलीत का? मूळची ए4 त्या पट्टीसकट होती, युद्धात दुरुस्तीला सोपं जावं म्हणून ती काढली. पट्टी असेल तर युद्धाआधीचा किंवा युद्धाच्या अगदी सुरुवातीचा फोटो, नाहीतर हल्लीचा, कारण जपून ठेवलेल्या काही इंजिनांना ती परत लावलीय. एलएमएसच्या स्ट्रीमलाइन्ड पॅसिफिकांचं आवरण युद्धानंतर उतरवलं तेव्हा काही काळ स्मोकबॉक्सचा (धुराड्याखालचा, बॉयलरचा पुढचा भाग) माथा पुढे उतरता, कापल्यासारखा राहिला होता, तसं दिसलं तर साधारण 1946 नंतरची काही वर्षं. आणि सदर्नचा मुख्य इंजिनिअर बुलीड याची मर्चंट नेव्ही, 1941 पासूनची, तिचं मूळ रूप म्हणजे चाकांवर ठेवलेला लांबलचक पत्र्याचा डबा, ते एकदा बघितलं की विसरायला होत नाही.

कंपनी आणि काळ

ब्रिटिश रेल्वेच्या तीन तारखा पाठच करा. 1 जानेवारी 1923 ला बहुतेक सगळ्या छोट्यामोठ्या कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत गेल्या: ग्रेट वेस्टर्न, एलएमएस, एलएनईआर, सदर्न. 1 जानेवारी 1948 ला राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज. आणि 11 ऑगस्ट 1968 ला ब्रिटिश रेल्वेजची मुख्य लाइनवरची शेवटची वाफेची गाडी धावली.

टेंडरवरची अक्षरं बघा. नुसतं एनई असेल तर घाईने नॉर्थ ईस्टर्न म्हणू नका, युद्धात एलएनईआरने रंग आणि मेहनत वाचवायला आपलं नाव तेवढंच ठेवलं होतं. ग्रेट वेस्टर्नचं गोल बटणासारखं बोधचिन्ह 1934 पासून युद्धापर्यंतचं. एलएमएस आणि एलएनईआर दोघांच्याही सुरुवातीच्या वर्षांत नंबर टेंडरवर मोठा असायचा, 1928-29 च्या सुमारास तो कॅबवर आला. ब्रिटिश रेल्वेजच्या काळात चाकावर दोन पाय टाकून उभा सिंह असेल तर 1956 च्या आधीची पद्धत, सिंह चाक हातात धरून मुकुटातून बाहेर येत असेल तर नंतरची. नवीन चिन्ह लगेच सगळ्यांना लागलं नाही, जुनं बरीच वर्षं फिरत होतं, तेव्हा जुन्या चिन्हावरून नंतरची तारीख बाद होत नाही, पण नव्या चिन्हावरून आधीची मात्र नक्की बाद होते. हाच नियम सगळ्या तपशिलांना लावा.

1923 च्या आधीचा फोटो असेल तर ब्रेकचा पंप हा माझा आवडता पुरावा. बॉयलरच्या किंवा स्मोकबॉक्सच्या कुशीला उभा लटकवलेला पंप म्हणजे वेस्टिंगहाउस हवेचा ब्रेक, आणि तो ग्रेट ईस्टर्न, ब्राइटन लाइन, नॉर्थ ईस्टर्न, नॉर्थ ब्रिटिश, कॅलेडोनियन असल्या कंपन्यांकडे. ग्रेट वेस्टर्न, मिडलंड, एलएनडब्ल्यूआर (लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न), ग्रेट नॉर्दर्न हे व्हॅक्यूम ब्रेकवाले, त्यांना हा पंप नाही. पंप दिसला की यादी अर्धी होते.

स्मोकबॉक्सच्या दारावर नंबरची पट्टी असेल तर मिडलंड, एलएमएस किंवा 1948 नंतरचं ब्रिटिश रेल्वेज. ग्रेट वेस्टर्न, एलएनईआर, सदर्न हे नंबर पुढच्या बफरच्या लाल आडव्या बीमवर रंगवायचे. ब्रिटिश रेल्वेजच्या काळात त्या पट्टीच्या खाली एक छोटी गोलसर पट्टी असते, ती शेडचा, म्हणजे इंजिन जिथे ठेवायचे त्या ठाण्याचा, कोड, 34ए म्हणजे किंग्ज क्रॉस, 81ए ओल्ड ओक कॉमन, 70ए नाइन एल्म्स. शेडवरून इंजिन कुठल्या भागात काम करत होतं ते कळतं आणि एखाद्या शेडचा कोड मध्येच बदललेला असेल तर तारीखही कळते, लीड्सचं होलबेक 1957 ला 20ए वरून 55ए झालं तसं. कॅबवर तिरकी पिवळी पट्टी दिसली तर 1964 नंतरचा फोटो, क्रू या गावाच्या दक्षिणेला विजेच्या तारांखाली हे इंजिन न्यायचं नाही अशी ती खूण.

पुढचे दिवे पण सोडू नका. दोन्ही बफरच्या वर एकेक दिवा म्हणजे एक्सप्रेस, वरती धुराड्यापाशी एकच म्हणजे थांबत जाणारी पॅसेंजर. दिवसा पण लावायचे, पांढरे डबे दिसतात तेच. सदर्नवर मात्र पांढऱ्या तबकड्या असतात आणि त्या गाडीचा दर्जा नाही तर मार्ग सांगतात. डब्याच्या दारावर 3 आकडा असेल तर बहुधा जून 1956 च्या आधीचा फोटो, कारण तेव्हा तिसरा वर्ग जाऊन त्याचा दुसरा झाला.

आता नंबर

1948 ला ग्रेट वेस्टर्नचे नंबर तसेच ठेवले, सदर्नच्या नंबरात 30000, एलएमएसच्यात 40000 आणि एलएनईआरच्यात 60000 मिळवले, नवीन स्टँडर्ड इंजिनं 70000 पासून. म्हणून आपलं डम्बलटन हॉल 4920 च राहिलं आणि तो ब्लॅक फाइव्ह 44920 झाला. सदर्नच्या बुलीड पॅसिफिकांवर 21सी1 असला नंबर असतो, तो चुकीचा छापलेला नाही, पुढे दोन आस, मागे एक, सी म्हणजे मधले तीन जोडलेले, आणि शेवटचा आकडा इंजिनाचा.

एकाच इंजिनाचे किती नंबर असू शकतात याला फ्लाइंग स्कॉट्समन घ्या. 1923 ला डॉनकास्टरला बनलं तेव्हा 1472, 1924 पासून 4472, 1946 च्या जानेवारीत 502, त्याच वर्षी मे मध्ये 103, आणि राष्ट्रीयीकरणानंतर 60103. जानेवारी 1947 ला ते ए1 जातीचं ए3 जातीत बदललं, तेव्हापासून स्मोकबॉक्सच्या दोन्ही कुशींना वरती एकेक चौकोनी उंचवटा दिसतो. 1959 च्या सुरुवातीला दुहेरी धुराडं, 1961 ला दोन्ही बाजूंना छोटे जर्मन पद्धतीचे धूर-पडदे. 502 नंबरचा फोटो मिळाला तर तो चार-पाच महिन्यांतलाच, नंबरवरून इतकी बारीक तारीख क्वचितच मिळते. आणि 4472 नंबर आहे पण मागे दोन टेंडर आहेत, तर 1966 नंतरचा, खाजगी मालकीच्या काळातला, कॅप्शनमध्ये 1930 लिहिलं असेल तरी.

आणि कधीकधी नंबर वाचता येतो, स्वच्छ असतो, सगळं जुळतं आणि तरी तो खोटा असतो. फेब्रुवारी 1952 मध्ये सहाव्या जॉर्ज राजाच्या अंत्ययात्रेची गाडी 4082 विंडसर कॅसलने ओढावी असं ठरलं, पण ते इंजिन कारखान्यात दुरुस्तीला. मग 7013 ब्रिस्टल कॅसलला विंडसर कॅसलचं नाव आणि नंबर लावून पाठवलं, आणि पुढे ती अदलाबदल कधी परत फिरवलीच नाही! 1933 ला उत्तर अमेरिकेत गेलेलं रॉयल स्कॉट हे खरं 6152 होतं, 1939 ला गेलेलं कॉरोनेशन हे खरं 6229 डचेस ऑफ हॅमिल्टन. म्हणून म्हटलं, मशीन आधी.

आपल्याकडचे फोटो

घरच्या अल्बममध्ये आजोबांच्या रेल्वेतल्या नोकरीचे फोटो असतील तर त्यातलं इंजिन बहुधा ब्रिटिश बनावटीचं, पण वरची ब्रिटनची यादी त्याला लावू नका. पुढे गाई-गुरं बाजूला करायची जाळी, मोठा हेडलाइट, रुंद रूळ, टेंडरवर जीआयपीआर (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) किंवा बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया), म्हणजे इथलंच. असल्या इंजिनांच्या बाबतीत बनवणाऱ्याची पट्टी शोधा, ती स्मोकबॉक्सच्या कुशीला किंवा चाकावरच्या झाकणावर असते. चौकट हिऱ्याच्या आकाराची असेल तर ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिशची शक्यता मोठी, ही कंपनी 1903 ला तीन कारखाने एकत्र येऊन झाली. बार्शी लाइटच्या छोट्या गाडीची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसनची, तर माथेरानची जुनी वाफेची इंजिनं ब्रिटिश नाहीतच, ती जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेलची, तरी "ब्रिटिश काळातलं ब्रिटिश इंजिन" म्हणून फिरतात. आणि वाफेच्या इंजिनाचा फोटो, खाली "डेक्कन क्वीन, पहिली फेरी 1930" असं असेल तर सोडून द्या, ती गाडी सुरूच झाली विजेच्या इंजिनावर.

ओळख पटली की कॅप्शन लिहिताना जेवढं फोटोत दिसतंय तेवढंच लिहा. "एलएमएस ब्लॅक फाइव्ह, 1948 च्या आधी, नंबर अस्पष्ट" हे पूर्ण आणि उत्तम कॅप्शन आहे. कंसात कशावरून ठरवलं तेही टाका, बेलपेअर फायरबॉक्स, बाहेरचा गिअर, स्मोकबॉक्सवर पट्टी असं, म्हणजे पुढच्या माणसाला तपासता येईल. प्रिंटच्या मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि तो नेमका कॅबवरच्या नंबरावरच येतो.